वनमालाबाईंची मीटरपट्टी

आमच्या शुभाला तिसरीत वनमालाबाई नाईकधुरे आल्या आणि आमच्या घरातला घरचा अभ्यास बंद पडला. दुसरीत होती तेव्हा पोरगी कशी दिवेलागणीला पाटी घेऊन बसायची! बेचा पाढा लिही, पुस, तीनचा लिही, पुस. शुद्धलेखनाच्या ओळी गिरव. बोटं पेन्सिलीने पांढरी व्हायची, फ्रॉकला पुसायची, मी ओरडायची. पण आईबापाला बरं वाटायचं हो, पोर शिकतंय म्हणून.

आणि तिसरीत? "शुभे, आज काय दिलंय?" तर म्हणे, घरातल्या गोल वस्तू शोधून उद्या वर्गात नावं सांगायची. दुसऱ्या दिवशी म्हणे, आई पोळी कशी लाटते ते बघायचं आणि मातीची करून दाखवायची. तिसऱ्या दिवशी चिंचोके. पिशवीभर चिंचोके शाळेत न्यायचे, त्यांचे ढीग करायचे, मोडायचे आणि पिशवी परत घरी आणायची. मी म्हटलं, चिंचोके खेळायला शाळा कशाला हवी? जिन्याखाली बसून खेळ की!

ही गोष्ट अठ्ठावन्न सालची. मुलुंड तेव्हा नुकतंच मुंबईत घेतलं होतं, म्हणजे आम्ही जागचे न हलता मुंबईकर झालो होतो. राहायचो आठल्यांच्या चाळीत, पहिल्या मजल्यावर. एका लांबलचक खोलीच्या मधोमध फळ्यांचं पार्टिशन ठोकून दोन बिऱ्हाडं केलेली. अलीकडे आम्ही पेठे, पलीकडे राऊळ. आमचे हे, श्यामकांत पेठे, फोर्टात टायपिस्ट. उंचीने माझ्या कानाशी येतात. लग्नात अंतरपाट धरला तेव्हा मला हे दिसत होते आणि यांना फक्त अंतरपाट. पलीकडचे मार्तंड राऊळ मात्र ताडमाड. आधी गिरणीत होते, मग भांडुपच्या एका कारखान्यात रखवालदार झाले. त्यांची बायको सुनंदा माझी जिवाभावाची. तिचा चंदू आणि माझी शुभा एकाच वर्गात.

पार्टिशनमधली एक फळी आम्ही दोघींनी मुद्दाम सैल करून ठेवली होती. ती बाजूला केली की वाटी जाईल एवढी खिडकी व्हायची. माझं थालीपीठ तिकडे, तिची काळ्या वाटाण्याची उसळ इकडे. दिवसातून किती वाट्या जायच्या-यायच्या याचा हिशेब नव्हता, आणि कुठली वाटी कुणाची तेही आम्ही विसरून गेलो होतो.

तर ते चिंचोक्यांचं. एक दिवस डोक्यात राख घालून मी शाळेत गेले. शाळा म्हणजे काय, कौलारू बैठी चाळच, वर्गावर्गांच्या मधे बांबूचे तट्टे. तिसरीच्या वर्गात डोकावले तर बाई कुठे दिसेनात. म्हटलं, वर्ग सोडून गेल्या की काय! नीट बघितलं तर मुलांच्या घोळक्यात जमिनीवर मांडी घालून बसलेल्या. अंगाने काडी, वय जेमतेम विशीचं, कोपरापर्यंत हात मातीने भरलेले.

"तुम्हीच का नाईकधुरेबाई?"

"हो. आणि तुम्ही शुभाच्या आई." उठल्या, हात पुसले. "शुभा रागावली की नाक अस्संच करते."

बघा! मी भांडायला गेलेली आणि ही माझ्या नाकावर घसरली. मी म्हटलं, "बाई, पोरांना घरी लिहायला काहीच कसं देत नाही हो तुम्ही?"

"लिहायचं ते इथे लिहून घेते की. घरी गेल्यावर त्यांनी घर बघावं."

"घर काय बघायचंय? रोजचंच आहे ते!"

"शुभाला सतराचा पाढा विचारा," बाई म्हणाल्या.

तिसरीच्या पोरीला सतराचा? मी विचारला. कार्टीने न अडखळता म्हटला, वर विचारते, "उलटा म्हणू?" चिंचोक्यांचे ढीग करता करता पाठ झाला म्हणे. भांडणाचं सगळं सामान घेऊन गेलेली मी, तशीच उभी राहिले.

तेवढ्यात बाईंचं लक्ष माझ्या अंबाड्याकडे गेलं. "गजरा छान आहे हो. कुठला?"

गजऱ्याचा विषय काढला की मी विरघळते. म्हटलं, "स्टेशनाबाहेर दोघी बसतात ना, त्यातली उंच ती मालन. तिच्याकडूनच घ्यायचा. दोघी हाताने मोजून देतात, भाव एकच, पण मालनचा हात लांब. चार कळ्या जास्तच येतात. बाजारात डोळे उघडे ठेवावे लागतात, बाई!"

वनमालाबाई केवढ्या हसल्या! एवढं काय हसायचं ते मला तेव्हा कळलं नाही. पण हसणं मोकळं होतं. मी तक्रार करायला गेले होते ती शुभाचं कौतुक ऐकून परत आले.

त्यांची बाकीची माहिती मला सुनंदाकडून कळली, कारण गावाकडून त्या तिच्या शेजारच्या वाडीतल्या. वडील गिरणीत सांचे, म्हणजे माग, चालवायचे. छातीत कापूस भरून भरून खोकला लागला, घरी बसले. पाठच्या दोन बहिणी शिकतायत. घरात मिळवती ही एकटी. भांडुपहून चालत यायची आणि चालत जायची. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, चांगल्या मार्कांनी पास, पण ट्रेनिंग झालेलं नाही. जूनमध्ये शाळेला बाई मिळेना म्हणून हिला घेतलं, तेही मार्चपर्यंत. पुढचं हेडमास्तर ठरवणार.

हेडमास्तरांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. धोतर, काळा कोट, काळी टोपी. माणूस सज्जन, पण जुन्या वळणाचा. घरचा अभ्यास म्हणजे पाटीच्या दोन्ही बाजू भरलेल्या दिसल्या पाहिजेत, हे त्यांचं शास्त्र. दोन-तीन पालकांनी त्यांच्याकडे कुरकुर केली होती. त्यांनी बाईंना एकदा समज दिली होती. म्हणजे वनमालाबाईंचं मार्चनंतरचं सगळं आधीच टांगणीला लागलेलं.

दिवाळी झाली आणि मीटर आला. नव्या पैशांनी आधीच डोकं उठवलं होतं, आता म्हणे वार-फूट जाणार आणि मीटर येणार. शाळेला सरकारकडून एक मीटरपट्टी मिळाली. पिवळ्या लाकडाची, दोन्ही टोकांना पितळ. अण्णांनी ती मेणकापडात गुंडाळून पृथ्वीच्या गोलाशेजारी कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. वनमालाबाई मागायला गेल्या तर म्हणाले, "मोडली तर दुसरी मिळायची नाही. फळ्यावर चित्र काढून दाखवा."

आता मीटर चित्रात कसा दाखवणार? त्यापेक्षा बाईंनी हातापासून सुरुवात केली. घरचा अभ्यास दिला: आपली खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती हात आहे ते मोजून आणा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. ज्याने त्याने आपापल्या हाताने मोजायचं. शुभाने घरी येऊन मला हे अगदी असंच सांगितलं होतं. ऐकलं कुणी?

संध्याकाळी पोर गुडघ्यांवर रांगत मोजायला लागली. ट्रंकेपाशी गेली की आकडा विसरायची, परत पहिल्यापासून. तेवढ्यात हे आले. "अगं सरक, असं नाही मोजत!" झालं. टोपी खुंटीला, पॅन्ट वर ओढून साहेब जमिनीवर. हात लाव, खूण कर, हात लाव, खूण कर. लग्नानंतर हे पहिल्यांदाच माझ्या जमिनीच्या इतके जवळ आले असतील. "सव्वासात!" म्हणाले. शुभाने पाटीवर लिहिलं. पार्टिशनपलीकडूनही घोगरा आवाज येत होता, "तीन... सरक रे चंद्या... चार..." म्हणजे तिकडेही बापच रांगत होता.

सकाळी वाटीच्या खिडकीतून दोन्ही पोरांचं सुरू झालं.

"आमची सव्वासात."

"आमची सहा."

"शी! एवढीशी?"

सुनंदा चहा गाळत होती, ती तशीच आली. "किती म्हणालीस गो शुभा?"

आता तुम्हाला मागचं सांगायला हवं. दिवाळीआधी चाळीला चुना काढला तेव्हा हे पार्टिशन काढून पुन्हा ठोकलं होतं. मार्तंडभाऊ ड्यूटीवर, त्यामुळे सुताराच्या डोक्यावर उभे राहिले होते आमचे हे. तेव्हापासून सुनंदाला वाटायचं की तिचा पलंग अडकतोय. उघड बोलली नव्हती, पण मनात किडा होता. त्या किड्याला त्या सकाळी पंख फुटले.

सुनंदा एरवी आमच्यासारखंच बोलते, पण चिडली की थेट मालवणात पोचते. "तुझ्या घोवान पार्टिशन सरकवल्यान गो! सव्वा हात जागा खाल्ल्यान माझी!"

मी काय ऐकून घेणार? "आमच्या ह्यांनी? अगं, त्यांना स्वतःची खुर्ची सरकवता येत नाही, पार्टिशन काय सरकवतायत! तुझ्याच नवऱ्याला मोजता येत नसेल!"

"हात म्हणजे हात! त्येत काय मोजूक येऊचा नाय?"

हे मधे पडले. म्हणाले, ऑफिसातून फूटपट्टी आणतो, मोजू. सुनंदा म्हणाली, तुमच्या ऑफिसातली पट्टी, ती तुमच्याच बाजूने मोजणार. मग मार्तंडभाऊ म्हणाले, शिंप्याची टेप आणतो. मी म्हटलं, तो शिंपी तुमच्या गावचा, नको ती टेप. खट्कन फळी लागली. एवढ्या वर्षांत ती फळी दिवसा कधी लागली नव्हती.

बरं, हे आमच्यापुरतं राहिलं असतं तर! पण वर्गात चाळीतली पोरं काय कमी होती? घराघरात बाप रांगले होते. खालच्या मजल्यावरच्या खोल्या लहान निघाल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या, जशी काही चाळ वर जाता जाता फुगत गेली होती. नळावर बायका एकमेकींकडे बघेनात. आठल्यांचा भाडं गोळा करणारा मेहता घाबरून दोन दिवस फिरकला नाही. सगळ्यांचं एकच, हे लावून दिलं कुणी? तिसरीच्या बाईंनी!

सुनंदा आणि मी एकाच वेळी शाळेत पोचलो. रस्त्याच्या दोन बाजूंनी चालत गेलो, पण पोचलो एकाच वेळी. अण्णांपुढे दोघींनी एकदम तोंड उघडलं. अण्णांनी कानांवर हात ठेवले, मग काढले, मग वनमालाबाईंना बोलावलं.

"खोल्या मोजायला तुम्ही सांगितलंत?"

"हो, अण्णा."

"चाळ पेटलीय तिकडे! मी म्हणालो होतो ना, पाढे द्या, शुद्धलेखन द्या? येत्या रविवारी सकाळी मी सगळ्या पालकांना बोलावतो. त्यांच्यासमोर काय तो निकाल लागेल. तुमची मुदत मार्चपर्यंत आहे, पण मला नाही वाटत तिथवर जाता येईल."

बाईंच्या हाताला खडू लागलेला होता. त्या तो चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, अण्णा. पण तो धडा अर्धाच झालाय. रविवारी तेवढा पुरा करू द्या. मग जाते."

बाहेर पायरीवर आम्ही दोघी उभ्या. बोलणं बंद, नाहीतर एकमेकींना म्हटलं असतं. आम्हाला पार्टिशन हलवायचं होतं हो, बाईंना नव्हे! भांडुपातला तो खोकणारा बाप, त्या दोन पोरी, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. पण मान वळवून "चल, परत आत जाऊ" म्हणेल ती कुंदा पेठे कसली? आणि ती सुनंदाही नव्हे. गेलो आपापल्या बाजूने घरी. शुभाला कळलं तेव्हा तिने ताट सरकवलं. "बाई गेल्या तर मी शाळेत जाणार नाही," म्हणाली आणि नाक अस्संच केलं.

रविवारी वर्ग गच्च भरला. पोरांच्या बसायच्या पट्ट्यांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. पोरं भिंतीकडेला. अण्णा खुर्चीत. वनमालाबाई उभ्या राहिल्या. एकदा खाकरल्या. मग पालकांकडे बघायचं सोडून त्या पोरांकडे वळल्या आणि आवाज नीट झाला.

"मुलांनो, खोली कुणी मोजली?"

शुभाने यांच्याकडे बघितलं. हे कौलं मोजायला लागले.

"शुभा?"

"बाबांनी."

"चंद्रप्रकाश?" म्हणजे आमचा चंदू.

"आमच्या बाबांनी."

"माझ्या काकांनी," "माझ्या दादाने," "बाबांनी," भिंतीकडून उत्तरं येत राहिली. स्वतःच्या हाताने मोजलेलं एक पोर निघेना!

अण्णा खुर्चीत पुढे झाले. "म्हणजे घरचा अभ्यास पालकांनी केला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. अण्णांनी बघितल्यावर गप्प झालं.

बाई माझ्याकडे वळल्या. "शुभाच्या आई, एक विचारू? गजरा कुणाकडून घेता?"

हे काय मधेच! म्हटलं, "मालनकडून."

"का बरं? शेजारी दुसरी बसते ना? भाव एकच. दोघी हातानेच मोजतात."

"अहो, सांगितलं ना तुम्हाला तेव्हा, मालनचा हात लां..."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं. समोर आमचे हे बसले होते, त्यांच्याशेजारी मार्तंडभाऊ. बसलेले असूनही एवढे उंच. आणि त्यांचा हात, देवा रे! मांडीवर ठेवला होता तो गुडघ्याच्या पुढे आला होता.

"बोला ना," बाई म्हणाल्या.

"बोलते कपाळ!" मी म्हटलं. "बाजारात डोळे उघडे ठेवते म्हणे मी!"

मग जो काय हशा पिकला! पोरं तर उड्या मारायला लागली. बाईंनी दोघा बापांना उठवून फळ्यापाशी नेलं. फळा एकच. यांनी मोजला तो जास्त हात भरला, मार्तंडभाऊंनी मोजला तो कमी. मग शुभाने मोजला, तो आणखी मोठा झाला. मागून एक आजोबा ओरडले, "अहो, फळा सुद्धा फुगला!" सुनंदाने पदर तोंडाला लावला होता. हसत होती की लाजत होती कळेना, पण खांदे हलत होते.

"म्हणून सगळ्यांसाठी एकच हात लागतो," बाई म्हणाल्या. "पेठ्यांचा नाही, राऊळांचा नाही, मालनचा पण नाही. कुणाचाच नाही असा हात. तो अण्णांच्या कपाटात आहे. हा धडा मला शुभाच्या आईंच्या गजऱ्यावरून सुचला होता, अण्णा. मुलांनी स्वतःच्या हाताने मोजून आणलं असतं तर दुसऱ्याच दिवशी पुरा झाला असता."

अण्णा उठले. कमरेची किल्ली काढली. मेणकापड त्यांनी अगदी जपून सोडलं, कारण तोवर त्यांनीही ती पट्टी कधी वापरली नव्हती. "चला," म्हणाले, "आधी ते पार्टिशन बघू."

अशी वरात मुलुंडने कधी पाहिली नसेल. पुढे मीटरपट्टी धरलेल्या वनमालाबाई, मागे पोरं, मग अण्णा, मग आम्ही सगळे. चाळीचा जिना करकरला. आधी राऊळांची खोली मोजली, मग आमची. पट्टी बाईंनी धरायची, खूण चंदूने करायची, वाचायचं शुभाने. मोठ्या माणसांनी हात मागे बांधून उभं राहायचं, असा अण्णांचा हुकूम.

आणि निघालं काय? पार्टिशन सरकलं होतं खरं. पण आमच्या बाजूला! राऊळांची खोली सात सेंटिमीटरने मोठी.

"म्हणजे किती?" सुनंदाने हळूच विचारलं. सेंटिमीटर कुणाला कळतोय?

बाईंनी तिचा हात घेतला, चार बोटं एकत्र करून फळीवर टेकवली. "एवढी. जागा तुम्हाला जास्त आहे."

चोराच्या उलट्या बोंबा, असं अगदी माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं मी. कसं गिळलं माझं मला माहीत! सुनंदा आपल्या चार बोटांकडे बघत राहिली, मग आपल्या खोलीत गेली. खट्कन फळी बाजूला झाली आणि खिडकीतून वाटी आली, गरम उसळीची.

"घे गो, कुंदा. चार बोटांचा भाडा."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "रोज हवं हं," मी म्हटलं. "चुकवलंस तर पार्टिशन सरकवीन!"

हे सगळं आमचं छान झालं, पण वनमालाबाईंचं काय? त्या गॅलरीत उभ्या राहून पट्टी मेणकापडात गुंडाळत होत्या. नीट, कडा मोडून. धडा पुरा झाला होता ना, आता जायचं. अण्णांनी विचारलं, "कुणा पालकाची अजून काही तक्रार?"

मी हात वर केला. यांनी डोळे मिटले.

"माझी आहे," मी म्हटलं. "बाईंनी असा मोजायचा अभ्यास एकदाच दिला तर चालणार नाही. रोज द्यावा. आमचे हे त्या दिवशी जमिनीवर रांगले तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं, बायको केर कुठून कुठून काढते ते!"

"माझी पण तीच," खिडकीतून सुनंदा म्हणाली.

बायका हसल्या, पण अण्णा हसले नाहीत. वनमालाबाईंनी गुंडाळलेली पट्टी त्यांच्यापुढे धरली. अण्णांनी ती घेतली नाही.

"ही कपाटात नको," म्हणाले. "तुमच्या वर्गात राहू दे."

"अण्णा, पण मी तर..." बाई म्हणाल्या. "माझी मुदत मार्चपर्यंतच आहे. ती पण तुम्ही म्हणालात..."

"पट्टी सरकारी आहे. तिला मुदत नाही. जूननंतर ती सांभाळायला कुणीतरी लागेल ना? मुलं मोडतील." अण्णांनी टोपी सारखी केली. "ट्रेनिंगचा अर्ज मात्र भरायचा. सही मी करतो. आणि घरचा अभ्यास देताना पाटीवर थोडं लिहायलाही देत चला. थोडं."

एवढा वेळ धीराने उभी राहिलेली ती पोरगी मग रडली. मीटरपट्टी छातीशी धरून, पोरांसमोर, हुंदके देऊन रडली. पोरं बावरली. चंदू म्हणाला, "बाई, पट्टी भिजेल." तेव्हा हसली. सुनंदाने तिला आत ओढून नेलं आणि उसळ-पाव खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

ट्रेनिंग केलं वनमालाबाईंनी. बहिणींची लग्नं केली, स्वतःचंही केलं, पण शाळा सोडली नाही. आमच्या शुभाचं सासर मुलुंडातच, त्यामुळे तिची अनुपमा तिसरीत गेली ती वनमालाबाईंच्याच वर्गात. केस पिकले होते, चष्मा आला होता. पट्टी तीच. पितळ काळवंडलेलं, मधले आकडे पोरांच्या बोटांनी पुसट झालेले, पण कुठे मोडलेली नाही.

मागच्या जूनमध्ये अनुपमा शाळेतून माझ्याकडेच आली. दप्तर टाकलं आणि म्हणते, "आजी, हात पुढे कर गं. खोली मोजायचीय, तुझा हात मोठा आहे, पटकन होईल."

मी दोन्ही हात पदरात घेतले. "मुळीच नाही. तुझ्या हाताने मोज, रांगत. बाई ओरडतील मला."